उन्हाची वाट

आमच्या शिवाजी पेठेतल्या घराचं दार पश्चिमेला उघडतं. थंडीच्या दिवसांत पाच वाजून गेले की गल्लीच्या तोंडाशी घुटमळणारं ऊन आधी पायरीवर यायचं, मग उंबरा ओलांडायचं, मग शहाबादी फरशीवरून चाहूल न देता आत आत सरकत जायचं, आणि जमीन संपली की समोरच्या भिंतीवर चढू लागायचं. लहानपणी मला याचं फार नवल वाटे. सूर्य खाली चाललाय आणि ऊन वर. बाहेर दिवस बुडतोय, आणि आत आमच्या भिंतीवर तो बोटाबोटानं वर येतोय. त्या भिंतीत एक कोनाडा होता, कोनाड्यात अंबाबाईची तसबीर आणि समई. ऊन कोनाड्याच्या कडेला टेकलं की आई हातातलं काम खाली ठेवायची, पदराला हात पुसायची आणि म्हणायची, "आलं बघ. दिवा लावतो." आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल बोलताना आलो, गेलो, लावतो असंच म्हणतात. तिचा तो 'लावतो' अजून माझ्या कानात त्या उन्हाचा रंग घेऊन राहिलाय.

तो रंग सांगायला मला नेमका शब्द कधी सापडला नाही. सोनेरी म्हणावं तर सोन्यात एक थंडपणा असतो, तो त्यात नव्हता. केशरी म्हणावं तर तितकं भडक ते नव्हतं. गुऱ्हाळावर काहिलीत रस पिकत येतो, फेस खाली बसतो, पाक तांबूस होऊन जाड उकळ्या घेऊ लागतो, त्या वेळी काठावर उभं राहून वाकून बघितलं तर जे दिसतं, त्याच्या जवळपासचं काहीतरी. कोल्हापूरच्या मुलीला रंगाची आठवण गुळाच्या वाटेनं यावी हे साहजिकच आहे. पुढे हातात कॅमेरा आला. नोकरी सांभाळून, सुट्टीचे दिवस आणि पहाटेचे तास वाचवून मी या शहराचे फोटो काढत राहिले. राजवाडे, घाट, मनोरे, तळी, देवळं. हजारो फोटो. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, इमारती निमित्ताला होत्या. मी शोधत होते ते घरातल्या भिंतीवरचं ऊन.

कॅमेरा आमच्या घरात माझ्या आधीच आला होता. आबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. काळा, हलका, साधा. त्याच्यावर ऊन आणि ढग यांच्या एवढ्याएवढ्याशा खुणा, पाठीमागे लाल काचेची एक इवलीशी खिडकी, तिच्यातून रोलवरचा आकडा दिसायचा. एका रोलात बारा फोटो. ते बारा फोटो आबा वर्षभर पुरवायचे. एक पाडव्याला, एक जोतिबाच्या यात्रेला, एखादा पाहुणे आले म्हणून, आणि उरलेले रंकाळ्यावर किंवा न्यू पॅलेसवर रविवारी आम्हाला घेऊन जायचे तेव्हा. बटण दाबण्याआधी ते इतका वेळ थांबायचे की उभं राहून आमचे पाय अवघडायचे. रोल धुवायला टाकला की आठवडाभर घरात एक गोड हुरहुर असायची. आबांनी मला फोटोग्राफीचा म्हणून एकच धडा दिला. "उन्हाकडं तोंड करून कधी उभारायचं न्हाई. ऊन पाठीवर घ्यायचं, आनि मग बघायचं."

त्यामुळे आमच्या घरच्या सगळ्या जुन्या फोटोंत सगळ्यांचे डोळे किलकिले आहेत. भवानी मंडपाच्या कमानीखाली आत्या, पंचगंगेच्या घाटावर दगडाला टेकलेला काका, न्यू पॅलेससमोर नऊवारी नेसून, डोक्यावरचा पदर एका हातानं धरून उभी असलेली आई. आबांनी जे ऊन स्वतःच्या पाठीवर घेतलं होतं ते या सगळ्यांच्या डोळ्यांत गेलेलं आहे. आबा स्वतः एकाही फोटोत नाहीत. मात्र न्यू पॅलेसच्या त्या फोटोत खालच्या बाजूनं एक लांबच लांब सावली आत आली आहे. दोन्ही कोपरं बाहेर, मान किंचित खाली, डोळ्याशी धरलेली काहीतरी चौकोनी वस्तू. सावलीचं डोकं आईच्या पावलांपाशी जाऊन थांबलंय. आबा गेले तेव्हा मोठा करून लावायला त्यांचा धड फोटो घरात सापडेना. आईनं हाच फोटो फ्रेम करून आणायला सांगितला. स्टुडिओवाल्यानं विचारलं, खालची सावली कापून टाकू का. आई म्हणाली, "तेच तर पायजे."

तो फोटो कोनाड्याच्या वर, हातभर अंतरावर लावला.

न्यू पॅलेसचे मी स्वतः किती फोटो काढले, हिशोब नाही. मेजर मँट यांच्या आराखड्यावर १८७७ साली काम सुरू होऊन १८८४ साली पुरा झालेला हा वाडा, मधोमध घड्याळाचा मनोरा, आणि सगळा घडीव काळा दगड. काळा दगड फोटोत धरणं अवघड असतं. कॅमेऱ्याला उजेड मोजायला सांगितलं की तो समोरचं सगळं जग राखाडी धरून चालतो. काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि तो जास्त उजेड आत घेतो. मग दगड धुऊन काढल्यासारखा फिका येतो, आभाळ पांढरं फटक पडतं, आणि वाडा आपला वाटतच नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी या राखाडी वाड्यापुढे हताश होत असे. मग हळूहळू कळलं की काळ्याला काळं राहू द्यायचं असेल तर उजेड आपण होऊन थोडा कमी करायचा. शटर जरा लवकर मिटू द्यायचं. तेव्हा कुठं त्या दगडाच्या अंगावर टाकीचा एकेक घाव उमटतो, आणि संध्याकाळची तिरीप त्याच्यावरून सरकली की प्रत्येक घावाच्या एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावलीची बारीक रेघ दिसते. दुपारी बारा वाजता हाच दगड मुका असतो. सपाट, गरम, बंद. तो बोलतो तो दिवस कलल्यावर. हे शहरच काळ्या दगडाचं आहे. घाट काळे, देऊळ काळं, जुने वाडे काळे. म्हणून तर कोल्हापूर संध्याकाळचं गाव आहे, असं मला मनापासून वाटतं.

आबांचा धडा मी मोडला तो रंकाळ्यावर.

चौपाटीच्या बाजूनं पाहिलं की समोर पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस. सूर्य त्याच्या मागे उतरतो, म्हणजे तिथं ऊन पाठीवर घेता येतच नाही, ते तोंडावरच घ्यावं लागतं. पहिल्यांदा तिथं कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा आबांना न विचारता काहीतरी करतेय अशी एक चोरटी धडधड मला जाणवली होती. समोर मनोरा काळा झालेला, माडांच्या झावळ्या काळ्या, आणि पाण्यावर काठापासून माझ्या पायापर्यंत उन्हाची एक सलग, थरथरती पट्टी. मी डावीकडे सरकले, पट्टी सरकली. उजवीकडे गेले, ती आली. त्या काठावर शेकडो माणसं होती, भेळ खाणारी, पोरांना खेळवणारी, नुसतीच बसलेली. आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या पायाशी त्याची त्याची एक पट्टी येऊन थांबली असणार, दुसऱ्याला न दिसणारी. मी कॅमेरा खाली घेतला. तो पहिला फोटो चांगला आलाच नाही, हात हलला होता. पण मी तो ठेवलाय.

पुढे कितीदा गेले. पावसाळ्यानंतर संध्यामठाचे खांब पाण्यात निम्मे बुडालेले असतात तेव्हा. माघात पहाटे पाण्यावर धुकं तरंगतं आणि मठ कशावरच टेकलेला नाही असं भासतं तेव्हा. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि दगडांवर हिरवट रेघा उघड्या पडतात तेव्हाही. आणि दर वेळी मला आबालाल रहिमान आठवतात. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकून, नाव कमावून हा माणूस कोल्हापूरला परतला आणि मग कोटितीर्थाच्या, रंकाळ्याच्या काठानं पाणी, झाडं, ऊन रंगवत राहिला. तिकडे युरोपात चित्रकार नदीकाठी बसून बदलता प्रकाश पकडत होते तो काळ. इथं हा फकीर वृत्तीचा चित्रकार आमच्या तळ्याकाठी तेच करत होता. त्यांची किती चित्रं काळाच्या ओघात गेली, विचार केला तरी पोटात कालवतं. एकदा काठावर बसले असताना मनात आलं: शालिनी पॅलेसचं बांधकाम १९३१ साली सुरू झालं, १९३४ साली पुरं झालं. आणि आबालाल गेले १९३१ च्या डिसेंबरात. म्हणजे ज्या मनोऱ्यावाचून रंकाळ्याची संध्याकाळ मला कल्पनेतही आणता येत नाही, तो त्यांच्या रंकाळ्यावर कधी नव्हताच. त्यांच्यापुढे पश्चिमेचा काठ मोकळा होता. ऊन कशालाही न अडखळता थेट पाण्यावर उतरत होतं. त्या दिवशी मी मनोऱ्यासमोर बोट धरून तो झाकला, एक डोळा मिटला, आणि आबालालांचा रंकाळा पाहिला. क्षणभरच. मग बोट थरथरलं.

टेंबलाईच्या टेकडीवरून अवघं शहर दिसतं. मला वाटतं कोल्हापूरचं खरं तोंड तिथूनच बघावं. ललितपंचमीला अंबाबाईची पालखी जिथं येते, जिथं कोहळा फुटतो, त्याच टेकडीच्या उतारावर इतर दिवशी संध्याकाळी शांतता असते. पश्चिमेकडे सगळी पेठांची दाटी, वायव्येला जोतिबाचा डोंगर, त्याच्या मागे पन्हाळ्याची लांब पाठ. मी पहिल्यांदा तिथून फोटो काढले तेव्हा झाडांच्या वर उठून दिसणाऱ्या गोष्टी बोटांवर मोजता येत: पॅलेसचा मनोरा, देवळाची शिखरं, एखाददुसरी उंच चिमणी. आता तिथं जाऊन उभी राहते तेव्हा शिखर शोधावं लागतं. दोन गच्च्यांच्या मधल्या फटीत, पाण्याच्या काळ्या टाक्यांच्या रांगेमागे ते सापडतं, आणि सापडलं की यात्रेत हरवलेलं मूल हाती लागल्यासारखं हायसं होतं. लोकांना राहायला घरं लागतात, मीही एका घरातच राहते. इमारती उंच होऊ नयेत असं मी कशी म्हणू? पण सूर्य पुरता बुडायच्या आधी, खालच्या सगळ्या गच्च्या सावलीत गेल्यावर, शेवटचं ऊन शिखराच्या कळसावर दोन-तीन मिनिटं एकटंच थांबतं, ते बघायला मी अजूनही बसते. खालून वर, खालून वर. सगळीकडे त्याची तीच रीत.

टाउन हॉलच्या उंच टोकदार छपरांचे फोटो, बिंदू चौकातले पहाटेचे फोटो, खासबागेच्या मातीचे फोटो, सगळं आहे माझ्याकडे. नाही ते एकाच ठिकाणचं.

२०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासून गावाचं असलेलं ते पॅलेस थिएटर. आम्ही त्याच्यावरून रोज जात-येत होतो, आणि त्या रात्री सगळं गाव रस्त्यावर येऊन आभाळातला तांबडा उजेड बघत उभं होतं. शेजारच्या आजी हुंदके देत होत्या. त्यांनी पहिलं नाटक तिथंच, आईच्या मांडीवर बसून पाहिलं होतं. माझ्या खांद्याला कॅमेरा होता. मी तो पिशवीतून काढला नाही. घरी येऊन जुने फोटो उलटेपालटे करत पहाटेपर्यंत बसले. शहरातली कुठलीही कमान माझ्याकडे चारही ऋतूंत होती, आणि नाट्यगृहाचा म्हणावा असा एकच फोटो निघाला, तोही पावसाचा: पायरीवर दोन शाळकरी पोरं एका छत्रीत बसलीयत, मागे दाराचा अर्धा भाग. अर्धं दार! पुढच्या वेळी काढू, उजेड चांगला असेल तेव्हा काढू, हलणार थोडंच आहे ते कुठं, असं म्हणत मी वीस वर्षं पुढे गेले होते.

पुढच्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांत आतले फोटो होते. छप्पर नव्हतं. रंगमंचावर वरून श्रावणाचा पांढुरका, ओला उजेड पडला होता. जिथं शंभर वर्षं माणसांनी उजेड स्वतःच्या हातानं निर्माण केला, दिव्यांची वात वर-खाली करून रात्रीची पहाट केली आणि पहाटेची रात्र, तिथं आभाळ सरळ आत आलं होतं. तो फोटो मी फार वेळ बघू शकले नाही.

अंबाबाईच्या देवळाकडे पायी जाताना मी मुद्दाम खरी कॉर्नरवरून जाते. तिथं कॅमेऱ्याचं स्मारक आहे. गावात राजांचे, पैलवानांचे, पुढाऱ्यांचे पुतळे सगळीकडेच असतात. कॅमेऱ्याला चौकात जागा देणारं गाव माझं आहे, याचं मला लहानपणापासून अप्रूप. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० साली 'सैरंध्री' दाखवला. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्यांनी १९२९ साली इथंच प्रभात सुरू केली. बोलपटाआधीच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत सगळी मदार सूर्यावर. ढग आला की काम थांबे. हातातलं सगळं तसंच धरून, रंगवलेल्या चेहऱ्यांनी, मान वर करून माणसं उन्हाची वाट बघत उभी राहत असतील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे नेहमी येतं. तिथून पुढे महाद्वार रोडला लागलं की मला आपोआप उन्हाची वाट बघणारी दुसरी एक गर्दी आठवते, देवळातल्या किरणोत्सवाची.

नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखा. आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवसापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, एकेचाळीस-बेचाळीस दिवस अलीकडे आणि साधारण तितकेच पलीकडे, सूर्य मावळताना क्षितिजावर एकाच जागी येतो, आणि त्या जागेवरून महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत त्याला सरळ वाट मिळते. कुणी हे आखलं असेल, किती वर्षं क्षितिजाकडे बघत बसून आखलं असेल! पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. ढग नसले तर, हवेत धूळ आणि ओल फार नसली तर, वाटेत काही आडवं आलं नाही तर. आतले दिवे मालवतात. गर्दीला दोन बाजूंना सारतात. आणि एरवी देवीच्या दारात एक बोट जागा न सोडणारी ती गर्दी अशी सरकते, की मधे उन्हाएवढी रुंद, स्वच्छ, रिकामी वाट उघडी पडते. माणसं कडेला उभी, उन्हाला पुढे जाऊ देतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा. पुढचा उंबरा. मग चरण. आणि मग ते वर चढू लागतं.

आई दर वर्षी जायची. परत येऊन सांगायची, आज गुडघ्यापर्यंत आलं, आज कमरेलाच विरलं, आज मुखावर आलं आणि नथ अशी लकाकली म्हणून सांगू. आम्ही मुलं घरच्या भिंतीवरच्या उन्हात बसून ते ऐकायचो, आणि मला वाटायचं की आमच्याकडचं ऊन आणि तिकडचं ऊन एकच आहे, फक्त निम्मं इथं थांबलंय.

मग आईचे गुडघे गेले. रांगेत उभं राहणं सुटलं. एका कार्तिकात तिनं मला म्हटलं, "तू एवढं गावाचं फोटो काढतीस. मला किरणोत्सवाचा एक आणून दे की." गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मोठ्या पडद्यावर दाखवतात, टीव्हीवर दाखवतात, तेही तिनं पाहिलेलं होतं. "त्यात ऊन दिसतं गं," ती म्हणाली, "येताना दिसत न्हाई."

मी दहा नोव्हेंबरला साडेचारलाच महाद्वाराबाहेर जाऊन उभी राहिले. रस्त्यावर नेहमीचीच वर्दळ, फुलांच्या परड्या, हिरव्या बांगड्यांची दुकानं, ओटीची खणनारळांची ताटं, पेढ्यांचा वास, कुठून तरी ओल्या दगडाचा वास. सूर्य माझ्या पाठीशी होता. मान ऊबदार झाली तेव्हा ते लक्षात आलं, आणि आबांचा आवाज इतका जवळून आला की मी वळून पाहिलं. ऊन पाठीवर घ्यायचं, आनि मग बघायचं. इतकी वर्षं मी उन्हाला तोंड देऊन फोटो काढत आले होते. त्या संध्याकाळी देवीसमोर उभं राहायचं तर तोंड पूर्वेला आणि पाठ सूर्याला, दुसरी सोयच नव्हती.

पावणेसहाच्या सुमाराला आत माणसं दोन्ही बाजूंना झाली. कमानीच्या चौकटीत ती रिकामी वाट दिसली. जवळची फरशी लख्ख, प्रत्येक दगडाची सांध उजळलेली, दोन्ही कडांना माणसांच्या पाठी, खांदे, एका बाईच्या अंबाड्यातला अबोलीचा गजरा आणि कुणाच्या तरी खांद्यावर बसलेलं, एकटं मागे वळून सूर्याकडेच बघणारं पोर. पुढे पुढे वाट अरुंद होत गेलेली, आणि मग नुसता काळोख. मी उजेड कमी केला. काळ्याला काळं राहू दिलं. एक फोटो. दुसरा काढायला बोट झालं नाही, कारण तेवढ्यात आतून घंटानाद उसळला आणि सगळ्यांचे हात जोडले गेले, माझेही. कॅमेरा गळ्यात लोंबकळत राहिला.

फोटो मोठा करून आणला. आईनं तो मांडीवर घेतला, चष्मा लावला. मला धाकधूक. त्यात देवी नव्हती, गाभारा नव्हता, निम्म्याहून जास्त फोटो काळा होता. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिनं महाद्वाराच्या उंबऱ्यावर बोट ठेवलं आणि त्या उजळलेल्या वाटेवरून ते सावकाश आत न्यायला लागली. उजेड संपला तरी बोट थांबलं नाही. "हा गणपती," ती काळ्यावर बोट ठेवून म्हणाली. "हे कासव. इथं पितळी उंबरा. इथं जरा थांबतंय बघ, इथं नेहमीच थांबतंय." बोट आणखी आत गेलं, जिथं कागदावर काहीच नव्हतं. "आता चरणाशी आलं असंल," ती हळूच म्हणाली, आणि तिनं फोटोला दोन्ही हात लावून ते डोळ्यांवरून फिरवले.

माझ्या फोटोला कुणी दिलेली ती सगळ्यात मोठी दाद.

त्याला बरीच वर्षं झाली. मधे आमच्या समोरचं कौलारू घर पाडून तिथं तीन मजली इमारत झाली, आणि दारातून येणारं ऊन वर्षातले बहुतेक दिवस बंद झालं. फक्त ती इमारत आणि तिच्या शेजारचं घर यांच्यामध्ये हात-दीड हाताची एक बोळकांडी राहिली आहे. दिवाळीनंतर काही दिवस आणि पुन्हा माघात काही दिवस, सूर्य बरोबर त्या फटीत उतरतो. मग उन्हाची एक लांब चिरफळी उंबऱ्यावर येते, फरशीवर येते, आणि दहा-बारा मिनिटं भिंतीवर चढत राहते. आमच्या घराचा किरणोत्सव, असं आई म्हणते.

आता तिला काचबिंदूनं फारसं दिसत नाही. उजेड आणि काळोख कळतो, त्यातलं काही कळत नाही. तरी ते दिवस तिला आधी कळतात, हवेवरून कळत असावेत. दुपारपासून ती दाराकडे तोंड करून खुर्चीत बसते. मी कामावरून लवकर येते, तिच्या शेजारी जमिनीवर बसते. कॅमेरा कधी मांडीवर असतो, कधी नसतो. गल्लीत तालमीची पोरं दंगा करत असतात, कुठंतरी दूध तापल्याचा वास असतो. आम्ही बोलत नाही. पायावर ऊब आली की तिची बोटं जरा हलतात.

"आलं?"

"आलं आई. उंबऱ्यावर आहे."

थोडा वेळ जातो.

"कुठवर आलं गं?"

"भिंतीशी. चढायला लागलंय." मी बघत असते, आणि बघत बघत सांगत असते. कोनाड्याच्या खाली. कोनाड्याच्या कडेला. समईवर. देवीच्या तसबिरीवर, काच चमकतेय. वर. आणखी वर. फोटोच्या चौकटीला टेकलं.

"आनि आता?"

"आता आबांच्या सावलीवर आलंय."

"मग लाव दिवा," आई म्हणते.